काडीझला दानात मिळालेले बूट

चहा पाजलात म्हणून सांगतो, न्हाईतर हा किस्सा सांगून माझं तोंड दुखलंय.

दौंडच्या लोको शेडातनं मी बोटीच्या भट्टीवर कोळसा मारायला गेलो. भर हिवाळ्यात बोट स्पेनच्या काडीझला लागली. जुनं शहर, समुद्राच्या कडंला मोठं चर्च. शिरूरच्या मिशनातला योहान माझा जोडीदार. दारातच म्हणाला, "किसन, बूट काढ. आमच्या चर्चात कुणी पायताण घालून जात न्हाई."

माझ्याकडं तेवढाच जोड. दाराशी नीट ठेवला. आत फरशी बर्फावानी गार. बघतो तर सगळ्यांच्या पायात बूट, योहानच्यासुद्धा!

"तू काढले न्हाईस?"

"काढले होते. सगळे घालून फिरताना दिसले, मग परत घातले."

"आन् मला सांगायचं न्हाई व्हय?"

"तू हात जोडून उभा होतास. म्हटलं, कशाला मधी बोलायचं?"

बाहेर आलो तर बूट गायब. संध्याकाळी बोट सुटणार, आन् मी अनवाणी. तेवढ्यात एक म्हातारे पाद्रीबाबा आले. माझे पाय बघून हळहळले, आत गेले आन् गरिबांना वाटायच्या टोपलीतनं एक जोड आणून दिला. माझाच! दाराशी बघून त्यांना वाटलं असणार, कुणी दान ठेवलंय.

मी मुकाट घातले. मापात बसले म्हणून बाबा इतके खूश, की आभाळाकडं बघून त्यांनी देवाचे आभार मानले. मीबी मानले.

बूट पुढं चार हिवाळे टिकले. पाद्रीबाबांवर माझा काडीचा राग न्हाई. माफी मागायची राहिलीय ती एकाच माणसानं, शिरूरच्या योहाननं.