हॉलभर दुधी

विनिता : अहो, हे काय? हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही!

हेमंत : दुधी आहेत.

विनिता : ते दिसतंय मला. पोतीच्या पोती? आपण दोघं माणसं, त्यातली मी उद्या पुण्याला चाललेय. लग्न आहे का कुणाचं?

हेमंत : ऐक ना. पहाटे करोंदच्या मंडीत गेलो होतो. म्हटलं, फ्रिज ताज्या भाजीनं भरलेला दिसला की तू निर्धास्त श्रुतीच्या बाळंतपणाला जाशील.

विनिता : मिसरोदहून करोंद? सगळं शहर ओलांडून? कोपऱ्यावर भाजीचा ठेला आहे की आपल्या!

हेमंत : ठेल्यावरून आणली असती तर मी किती सीरियस आहे ते तुला कळलं असतं का?

विनिता : कळलं. पुढे?

हेमंत : तिथे दुधीच्या पोत्यांची बोली चालू होती. तेवढ्यात समोर जितेंद्र दिसला, आपल्या कारखान्यातला. मी हात वर करून हाक मारली. बोलीवाला ओरडला, ‘बाबूजी ले गए!’

विनिता : आणि तुम्ही सांगितलं नाही, चूक झाली म्हणून?

हेमंत : सांगणार होतो. पण सगळे असे आदरानं बघायला लागले ना! जन्मभर क्वालिटी कंट्रोलमध्ये दुसऱ्यांच्या चुका काढल्या गं. स्वतःची कबूल करायची प्रॅक्टिसच नाही. जितेंद्रनं वर टेम्पो करून दिला. म्हणाला, ‘साहब, रिटायरमेंट के बाद अच्छा धंधा पकड़ा।’

विनिता : तुम्हाला दुधी आवडत नाही.

हेमंत : हो, तो एक मुद्दा आहेच.

विनिता : मी तिकीट रद्द करते.

हेमंत : वेड लागलंय का? डॉक्टरांनी श्रुतीला पलंगावरून उठू नको सांगितलंय. जावई दिवसभर ऑफिसात. तिला आई हवी आहे.

विनिता : आणि इथे तुमच्या साखरेचं काय? भाज्या-फळं वाढवा, नाहीतर इन्सुलिन सुरू करू, हे तुमच्या डॉक्टरांनी तुमच्यासमोरच सांगितलं ना? मागे मी नागपूरला गेले तेव्हा रोज ताटाचा फोटो पाठवायचात. आठवडाभर तीच काकडी!

हेमंत : तुझ्या लक्षात आलं होतं?

विनिता : रोज थोडी थोडी सुकत चालली होती बिचारी.

हेमंत : नवीन कापायचा कंटाळा. आणि दिसायला चांगली होती सुरुवातीला.

विनिता : थट्टा पुरे. खरं काय खात होतात?

हेमंत : सकाळी फिरायला जायचो. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून. पोहे-जलेबीच्या दुकानापर्यंत.

विनिता : आणि रात्री?

हेमंत : ओट्यापाशी उभ्यानंच दूध-ब्रेड.

विनिता : मी भाज्या करून, डबे भरून ठेवून गेले होते.

हेमंत : होते की. पण ते गरम करा, ताट घ्या, टेबलाशी बसा... एकट्यासाठी नाही होत गं. समोर तुझी रिकामी खुर्ची. फार वाईट वाटतं. झालं, बोललो. आता हस.

(विनिता हसत नाही. पोत्यातून एक दुधी उचलते.)

विनिता : किसणी काढा.

हेमंत : आता?

विनिता : मग काय मी गेल्यावर? साल काढा आधी. हं, आता किसा. भाजणीत घाला. पाणी नको, दुधीलाच सुटतं. तिखट, मीठ, थोडे तीळ.

हेमंत : थांब, हे तर थालीपीठ झालं. तुझ्या थालीपिठात नुसता कांदा असतो ना?

विनिता : दुधी, गाजर, मुळ्याचा पाला, घरात असेल ते असतं.

हेमंत : म्हणजे मी आयुष्यभर चारचौघांत छाती फुगवून सांगत होतो की दुधीला कधी शिवलो नाही...

विनिता : आणि मी शेजारी बसून ऐकत होते. डाळ शिजताना मूठभर पालक टाकायचा. चहाच्या वेळेला पेरू कापून समोर ठेवायचा आणि फरसाणाचा डबा वरच्या फळीवर. कापलेलं समोर असलं की हात जातोच. त्याला करोंदला जावं लागत नाही. उरलेले दुधी सोसायटीत वाटून या. दारोदार, स्वतः.

हेमंत : वाटतो. लोक म्हणतील, निवडणुकीला उभा राहतोय. पण त्या खुर्चीचं काय?

विनिता : जेवायला बसलात की व्हिडिओ कॉल लावा. फोन तांब्याला टेकवून ठेवा. मी आणि श्रुती त्याच वेळी बसू.

हेमंत : म्हणजे रोज ताटाची तपासणी.

विनिता : तपासणी नाही हो. मलाही तिकडे तुमच्याशिवाय घास उतरत नाही.

हेमंत : हे तू कधी बोलली नाहीस.

विनिता : तुम्ही काकडीचे फोटो पाठवत होतात.

हेमंत : विनिता... तिकिटाचं काय ठरलं मग?

विनिता : आधी तव्यावरचं थालीपीठ उलटा, करपेल. आणि माळ्यावरची माझी बॅग काढून द्या.