एका रात्रीची छावणी

बायकोबरोबर रोमन छावणी बघायला जाऊ नका, आत्ताच सांगून ठेवतो. लंडनमधल्या पिनरहून पार उत्तरेला लीड्सच्या पुढे गेलो, तर छावणी म्हणजे नुसता गवताचा लांबलचक बांध आणि त्यावर चरणाऱ्या मेंढ्या! माझा सगळा जीव फोनमध्ये, कारण व्हिसा वाढवून मिळतोय की नाही, याची मेल कधीही येणार होती.

"चल ना, बघून झालं," मी मागे लागलो.

ती शांतपणे बोर्ड वाचत होती. "अरे, सैनिक इथे एकच रात्र राहिले म्हणे. तेवढ्यासाठी खंदक खणून हा बांध घातला!"

"वेडेच होते. सकाळी निघायचं, तर कशाला खणायचं?"

"आणि आपण? 'उद्या निघावं लागलं तर?' म्हणत म्हणत इतकी वर्षं झाली, आईबाबांच्या फोटोसाठी तू भिंतीत एक खिळा ठोकू दिला नाहीस."