मागच्या सालची शिंदी

भाऊराव : ते शिंदीची पानं तेवढी दे कमल, मी निघतो. बुधवारी कपाळाले लावाच्या राखेसाठी अजून चार घरची जमा कराची आहेत.

कमल : देते मास्तर. पण आता जे बोलले ते पुन्हा एकदा बोला.

भाऊराव : काय बोललो? मीनाले बुधवारी घरी ठेव म्हटलं. राखेच्या मिस्साच्या प्रार्थनेले नागपूरचे मोठे फादर येऊन राहिले. उगा लोकाईच्या नजरा...

कमल : नजरा कोणाकडं वळाले पाह्यजे? मिशनच्या दवाखान्यात कामाले गेली माही वीस वर्साची पोरगी. फादरनं तिच्या अंगावर हात टाकला. अन् तोंड लपवाचं तिनं?

भाऊराव : हळू बोल ना बाई. हलवलं ना त्याईले इथून.

कमल : हलवलं! दुसऱ्या मिशनले धाडलं. तिथं दवाखाना नाही का? तिथं पोरी नाहीत?

भाऊराव : सौंसरात आपली घरं बोटावर मोजाएवढी. पानठेल्यावर लोक हासून विचारतात, काय मास्तर, तुमचे फादर कुठं गेले? मान खाली घालून जातो मी. देवळाची किती बदनामी कराची?

कमल : बदनामी फादरनं केली. मीनानं फक्त सांगतलं.

भाऊराव : तुह्या भावाचं तर वेगळंच. प्रकाश म्हणे, सोडून द्या हे देऊळच.

कमल : म्हणते तो. सावरगावच्या गोटमारीत दोन्हीकडच्या गोट्याईच्या मधात उभी केल्यावानी गत आहे माही. तो म्हणते देव सोड, तुम्ही म्हणता पोरीले लपव. म्या त्याले सांगतलं, येशू काय त्या फादरच्या बापाचा आहे? माह्या आज्यानं बाप्तिस्मा घेतला तवा गावानं विहीर बंद केली होती. त्यानं नाही सोडलं. अन् एका नालायकापायी मी सोडू? नाही सोडत.

भाऊराव : मंग गप राहून भक्ती कर ना.

कमल : येशू कुठं गप होता? मंदिरात बाजार मांडणाऱ्याईचे पाट उलटे केले त्यानं. लहानपणी तुम्हीच शिकवलं मले.

भाऊराव : शिकवलं खरं.

कमल : हे घ्या. क्रुसामागून काढली. मागच्या झावळ्यांच्या रविवारी त्याच फादरनं आशीर्वाद देल्ला होता हिले. प्रकाश म्हणे नालीत फेक. म्या फेकली नाही.

भाऊराव : काहून?

कमल : जाळाचीच तर आहे. राख करा अन् लावा सगळ्याईच्या कपाळावर. राख लावतानी पश्चात्ताप करा म्हणतात ना? मंग करू द्या. ज्यानं केलं त्यानं, अन् ज्याईनं झाकलं त्याईनं बी.

भाऊराव : म्या झाकलं म्हणते तू?

कमल : मंग आता काय करून राहिले, मास्तर?

भाऊराव : मोठ्या फादरचा ट्रंककॉल आला होता. म्हणे, तिले समजावून सांगा. मी म्हातारा माणूस. हो म्हटलं.

(मीना आतून येते.)

मीना : आबाजी, बसा. च्या मांडला आहे.

भाऊराव : तू ऐकलं का सारं?

मीना : ऐकलं. बुधवारी मी येईन. पयल्या बाकावर बसीन. गाणं बी मीच उचलीन, दरसालच्यासारखं. मिस्सा झाली का मोठ्या फादरले विचारीन, त्या दुसऱ्या मिशनच्या पोरीईले कोणी सावध केलं का म्हणून. सगळ्याईच्या समोर.

भाऊराव : रागावतीन ते.

मीना : रागावू द्या. आबाजी, मोठ्या फादरच्या कपाळाले राख कोण लावते?

भाऊराव : दुसरा फादर नसला का मीच लावतो.

कमल : मंग?

भाऊराव : आण इकडं ते शिंदी. सगळ्यात आधी हेच जाळतो.

मीना : राख बारीक चाळजा, आबाजी. अन् थेंबभर तेल टाकजा. मागच्या साली देवळाच्या पायरीवरच झडली होती. यंदा नागपूरपर्यंत टिकली पाह्यजे.