मुखवट्याखाली निकानोर

नऊ आठवडे! अहो, नऊ आठवड्यांत मोडलेलं हाड धड जुळत नाही, आणि आम्हाला तेवढ्यात अख्खा पैलवान उभा करायचा होता, आखाड्यासकट, प्रेक्षकांसकट, घामासकट! आणि पैलवान तरी कोण? चंदेरी घुबड! हसताय काय? घुबडच. तेकोलोते. आमच्या ग्वादालाहारात हे नाव घेतलं की न्हावीसुद्धा हातातला वस्तरा थांबवतो. एकेचाळीस वर्षं मुखवटा घालून कुस्त्या मारल्या या माणसाने. मुखवटा डावावर लावून बावीस जणांचे मुखवटे उतरवले, स्वतःचा एकदाही उतरू दिला नाही. सगळं गाव त्यांना वस्ताद म्हणतं. आणि या वस्तादांचा व्हिडिओ गेम करायचं काम आमच्या एकोणीस माणसांच्या कंपनीला मिळालं होतं.

मुळात सहा महिने होते हो! मग तो मंगळवार आला. साधा मंगळवार, तुम्हाला सांगतो. माझ्या हातात तोर्ता, म्हणजे मांस भरलेला पाव, तिखट रश्शात पुरता बुडालेला, कोपरापर्यंत ओघळ आलेले, आणि आमचे मालक उबाल्दोसाहेब टाळ्या वाजवतच आत आले. मालक टाळ्या वाजवत आला की समजून जावं. ‘मंडळी, आनंदाची बातमी! वस्तादांचा निरोपाचा सामना मार्चवरून नोव्हेंबरात आला!’

मी म्हटलं, ‘बरं झालं. आणि गेम?’

‘गेम त्याच दिवशी बाजारात!’

आमची यादिरा, म्हणजे गेमचं सगळं प्रोग्रॅमिंग करणारी, मान वरसुद्धा न करता म्हणाली, ‘साहेब, वस्तादांना सध्या हातच आहेत. पाय व्हायचेत.’

‘मग पाय करा!’

झालं. पाय करा! जसं काही कणीक मळून ठेवलीय! पण साहेबांना पायांची नव्हे, कलम अकराची काळजी. अडतीस पानांचा करार, त्यातलं अकरावं कलम ते उभं राहून वाचायचे, राष्ट्रगीतासारखं. तेकोलोते यांचा चेहरा कोणत्याही प्रसंगी, कोणत्याही कारणाने, कोणालाही दिसणार नाही. दिसला तर करार रद्द, कंपनी घरी. ‘बाकी काही होऊ दे फेर्मीन, मुखवटा निघता कामा नये!’ फेर्मीन म्हणजे मी. माणसांची तोंडं बनवणं हे माझं काम.

आता तुम्हीच सांगा, मुखवटा काय हवेत बसतो? आधी खाली डोकं लागतं. नाक लागतं, गाल लागतात, नाहीतर तो सुरकुततो, रिकाम्या पिशवीसारखा दिसतो. आणि वस्तादांचं डोकं पाहिलंय कोणी? त्यांच्या बायकोनेही लग्नानंतर तीन वर्षांनी पाहिलं म्हणतात. मग मी आणू कुठून? माझ्याकडे चारी बाजूंनी काढलेले फोटो एकाच माणसाचे होते. माझ्या भावाचे, निकानोरचे. मी हे काम शिकत होतो तेव्हा तोनालातल्या त्याच्या हार्डवेअरच्या दुकानात रंगाच्या उलट्या डब्यावर बसून त्याने मला चाळीस फोटो काढू दिले होते. समोरून, बाजूने, मागून. मी म्हटलं, ‘दादा, चष्मा काढ.’ तर म्हणे, ‘चष्मा काढला की तू मला दिसत नाहीस.’ मी म्हटलं, ‘तू मला दिसलास म्हणजे झालं.’

आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात तो गेला. दुपारी, दुकानात, खुर्चीत बसल्याबसल्या. असो.

तर चौतीस वर्षं दर मंगळवारी तो वस्तादांची कुस्ती बघायला जायचा. मी विचार केला, बसेना का गुपचूप मुखवट्याखाली! कोणाला दिसणार आहे? मुखवटा निघता कामा नये, हे तर करारातच होतं!

पुढचे नऊ आठवडे मला विचारू नका. बारा प्रतिस्पर्धी ठरले होते, त्यांचे तीन झाले, आणि तिघांचं अंग एकच, फक्त चड्डीचा रंग वेगळा. प्रेक्षकांसाठी आम्ही ऑफिसातल्या अकरा जणांचे फोटो घेतले आणि तेच सहा हजार वेळा चिकटवले. पंच एक, दोन, तीन म्हणून थांबायला हवा की नको? तो सतरापर्यंत मोजायचा! एकदा एक पैलवान दोरांवरून उडी मारून वर गेला तो परत आलाच नाही. यादिरा म्हणाली, ‘राहू दे, जिंकल्यासारखं धरू.’ आणि साहेब रोज सकाळी दारात उभे, ‘ते सगळं ठीक आहे, मुखवटा घट्ट आहे ना?’ घट्ट होता हो! आमच्या ऑफिसातल्या महागड्या मशीनवर एकदम घट्ट होता.

नोव्हेंबर आला. निरोपाचा सामना. आखाडा खचाखच, भुईमुगाच्या शेंगा, बिअर, पोरीबाळी चंदेरी टोप्या घालून. आणि सामन्याआधी, उबाल्दोसाहेबांच्या सुपीक डोक्यातून निघालेली कल्पना, मोठ्या पडद्यावर आमचा गेम सुरू करून दाखवायचा! सहा हजार माणसांसमोर! गेम लावला कशावर, तर आखाड्याच्या तिकीट खिडकीतल्या जुन्यापान्या कॉम्प्युटरवर. मी मागे दाराशी उभा. तुताऱ्या वाजल्या. धूर आला. चंदेरी झगा फडफडला... आणि धुरातून निकानोर बाहेर आला.

टक्कल. मिशी. चष्मा नसल्यामुळे मिचमिचे डोळे.

चार सेकंद. नंतर टप्पकन मुखवटा बसला, पण चार सेकंद म्हणजे किती असतात, मोजून बघा एकदा. आणि मग वरच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, ‘अरे, हा तर आमचा हार्डवेअरवाला!’

वस्ताद त्या रात्री जिंकले. कोणाच्या लक्षात आहे? दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर माझा भाऊ. गेमबद्दल लिहिणाऱ्यांनी तर फाडून खाल्लं. दहापैकी दोन गुण! एकाने लिहिलं, एक गुण सुरुवातीच्या तुताऱ्यांना आणि एक त्या टकलूला, कारण संपूर्ण गेममध्ये माणसासारखा दिसणारा तेवढा एकच. आता मला सांगा, हे वाचून मी रडायचं की कपाटात ठेवायचं? ...ठेवलंय.

आणि तोनालात काय झालं असेल? गल्लीत सगळ्यांना सगळं कळून चुकलं! निकानोरच तेकोलोते! ‘म्हणूनच मंगळवारी सहालाच शटर खाली यायचं!’ ‘म्हणूनच लंगडायचा!’ लंगडायचा तो शिडीवरून पडला म्हणून. पण ऐकतंय कोण? पावाच्या दुकानातल्या बाईंना मी म्हटलं, ‘मावशी, दादाला जाऊन वर्ष झालं, आणि वस्ताद परवाच कुस्ती खेळले.’ तर डोळे पुसत म्हणतात कशा, ‘बघ ना, किती जबाबदार माणूस!’

सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच वस्ताद स्वतः ऑफिसात आले होते. सूट, टाय, चकचकीत बूट, आणि वर मुखवटा. कॉफी दिली, ती नळीने प्यायले. उबाल्दोसाहेब घामाघूम. ‘वस्ताद, तांत्रिक अडचण... वस्ताद, काल जरा विजेचा दाब...’ कसला दाब? वस्तादांनी हात वर केला.

‘डोकं कोणी बनवलं?’

अठरा माणसं माझ्याकडे बघायला लागली. एवढी एकी आमच्या ऑफिसात मी कधी पाहिली नव्हती.

‘मुखवटा उतरला की आखाड्यात तीन प्रश्न विचारतात,’ वस्ताद म्हणाले. ‘ठाऊक आहे?’

‘हो, वस्ताद.’

‘नाव?’

‘निकानोर अर्रियागा.’

‘गाव?’

‘तोनाला.’

‘किती वर्षं आखाड्यात?’

‘वस्ताद, तो कुस्ती नाही खेळला. माझा भाऊ. वारला तो. हार्डवेअरचं दुकान होतं.’

‘किती वर्षं?’

‘चौतीस. तिसरी रांग, डावीकडून पाचवी खुर्ची.’

वस्तादांनी नळी कपात गोल फिरवली. मुखवट्याचं हेच वाईट, आत काय चाललंय कळत नाही. मग म्हणाले, ‘मला मोठमोठ्याने शिव्या घालायचा, तो?’

‘नाही वस्ताद, तो शेजारचा. हा शेंगा सोलायचा.’

‘मग नाही आठवत.’ त्यांनी नळी बाजूला ठेवली. ‘देव त्याचं भलं करो. पण काढ त्याला तिथून. मी माझा मुखवटा हरलेलो नाही. तुमचा करार मोडत नाही, तुमच्या पोटावर पाय देत नाही, पण मुखवटा निघता कामा नये.’

‘सोमवारी काढतो, वस्ताद.’

शब्द दिला मी. चूकही यादिराने शोधून दिली. माझ्याच यादीत डोकं वर होतं आणि मुखवटा खाली. मशीन बिचारं वरून खाली वाचतं, जुनं असलं की सावकाश वाचतं. ‘दोन नावं वरखाली कर, झालं. इंटरनेटवरून सगळ्यांकडे आपोआप जाईल. पाच मिनिटं. मी करू?’ मी म्हटलं, ‘नको, माझी चूक आहे, मीच करतो.’

रविवारी तोनालाला गेलो. लाला वहिनींच्या, म्हणजे दादाच्या बायकोच्या कानावर आधी घालावं म्हणून. वहिनी दुकानात कॉम्प्युटरसमोर बसलेल्या. पुतणीने गेम घालून दिलेला.

‘या भावजी, बसा. हे बघा.’

तुताऱ्या. धूर. दादा.

‘पापण्या बघितल्यात? डावी आधी लवते. अगदी तशीच.’

ते मी केलं होतं. कोणाच्या लक्षात येईल असं वाटलं नव्हतं. तेवढ्यात टप्पकन मुखवटा आला, आणि वहिनींनी गेम बंद केला. परत चालू केला. तुताऱ्या. धूर.

मी विचारलं, ‘पुढे खेळत नाही का तुम्ही?’

‘कुस्ती? शी! मला मेलं कधीच आवडलं नाही ते. मंगळवारी हे तिकडे जायचे आणि मी माहेरी.’ टप्प. बंद. परत चालू. ‘जुना आहे हा कॉम्प्युटर. इथे चारऐवजी सहा सेकंद दिसतात.’

‘वहिनी... हे काढावं लागणार आहे. वस्तादांना शब्द दिलाय.’

‘मग काढायलाच हवं की. माणसाने एकेचाळीस वर्षं जपलंय.’ त्या पडद्याकडेच बघत होत्या. ‘कधी काढणार?’

‘उद्या.’

‘बरं. मग आज बसते मी जरा.’

आता त्याला सात महिने झाले. एकोणीस माणसांतले आम्ही दोघंच उरलोय, यादिरा आणि मी. उबाल्दोसाहेब हल्ली जमिनी विकतात. गेम कोणी खेळत नाही. कोणी म्हणजे, एक सोडून. आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, दहाच्या ठोक्याला, ऑफिसचा फोन वाजतो.

‘काढला?’

‘येत्या सोमवारी, वस्ताद.’

‘हं,’ म्हणतात, आणि ठेवतात. ओरडले असते तर बरं झालं असतं हो! माणूस आरडाओरडा करील तर आपणही चिडून काहीतरी करून मोकळे होतो... नुसतं ‘हं’!

खरं तर काय, दोन नावं वरखाली करायची. यादिरा पाच मिनिटं म्हणते, मला दोनसुद्धा लागणार नाहीत. अजून केलेली नाहीत.