चहाला पावडरीचा वास

१९ ऑगस्ट १९९८, सकाळी झिमझिम, दुपारी लख्ख ऊन... आणि तुम्हाला सांगतो, त्या दिवशीही चहाला पावडरीचाच वास! आमच्या उंबरमाळीकडच्या गावात नळ आला, टाकी आली आणि टाकीत रोज जंतू मारायची पांढरी पावडर टाकणारा महादू आला. टाकतो कसला, पिठल्याला पीठ लावल्यासारख्या मुठी सोडतो! चहात आलं ठेचा, गवती चहा घाला, वर तरंगणार ती पावडरच. आता तुम्हीच सांगा, चहाला वास कशाचा यावा?

बरं, डोंगराकडेला बोरीचा झरा आहे, खाली दगडी कुंडी, पाणी थंडगार. पाहुणा येवो, साहेब येवो, त्याचा तांब्या तिथूनच भरायचा ही आमची रीत. पण आषाढात आमचा नातू प्रज्वल जुलाबाने आडवा झाला, शहापूरला सलाइन लावावं लागलं, डॉक्टर म्हणाले पाणी बाधलं, आणि आमच्या हिने, गुणाबाईने, झऱ्याचा हंडा घरात बंद केला. मी म्हटलं, अगं, पोराने जांभळं किती खाल्ली ते बघ...

"वर म्हशी डुंबतात ते तुमी बघा," ती म्हणाली. "तुमाला नुसता वास येतो. पोर जाता जाता राहिलं."

मग काय, पावडर प्यायलो. पण चहाला वास कशाचा यावा, हा प्रश्न राहिलाच ना!

तेवढ्यात नर्सबाई आल्या. नळाचं पाणी तपासायला ठाण्याला धाडायचं म्हणून महादूकडे बाटली देऊन गेल्या. मी मनात म्हटलं, एकदा नळ नापास होऊ दे, हंडा परत आलाच!

आणि त्या एकोणीस तारखेला नर्सबाईंनी पंचायतीत सांगितलं, पाण्यात जंतू आहेत, पिऊ नका, टाकीत पावडर दुप्पट करा. दुप्पट कुठली ऐकतोय मी... निम्मं ऐकूनच घरी पळालो! हिला ऐटीत म्हटलं, "तुझा नळ नापास. आता बोल, चहाला वास कशाचा यावा?"

ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "बाटली झऱ्याची व्हती."

म्हणजे काय, तर सरपंच गीताबाईंनी महादूला बजावलं होतं, पावडरीचा वास ठाण्याला गेला तर गावाला नावं ठेवतील रे, पाहुण्याला देतो तेच पाणी भर. महादूने बाटली कुंडीत बुडवून भरली, इमानाने, वर बूच घट्ट लावून! धुण्यावरच्या साऱ्या बायकांना ठाऊक, मला एकट्याला नाय!

भाकरी उतरवून ही उठली आणि नर्सबाईंना सगळं सांगून आली.

नळाची बाटली नव्याने भरून ठाण्याला गेली. तिचा निकाल येईपर्यंत टाकीत दुप्पट पावडर चालू राहिली. त्याच संध्याकाळी महादूने झऱ्याच्या कुंडीतही पावडर टाकली.