आई निघाली आहे

सोनोग्राफीच्या खोलीतून एक तरुण जोडपं बाहेर आलं आणि माझ्या शेजारच्या बाकावर टेकलं. तिला आठवा महिना असावा.

“दोनदा बघितलं ना रे डॉक्टरांनी?”

“तीनदा. बाळाचे ठोके नाहीतच म्हणाल्या.”

“काल सकाळी चांगली लाथ मारली होती. तू दाढी करत होतास, म्हणून हाक नाही मारली.”

“असू दे गं.”

“तुला हात लावून बघता आलं असतं.”

“घोटभर पाणी पी.”

“आई बसमध्ये बसली असेल. शिवलेली दुपटी घेऊन निघालीये.”

“फोन करतो. काहीतरी निमित्त सांगून परत पाठवतो. ती दुपटी तुझ्यासमोर नकोत आत्ता.”

“नको, येऊ दे तिला.”

“अगं, पण...”

“मला आई हवीये रे.”