नांगर न लागलेली दोन एकर

या मंडळी, पुढे सरका. खांबाला टेकलेले काका, तुम्हीसुद्धा या — झोप तिथेही येईल अन् इथेही, पण इथे गोष्ट कानावर तरी पडेल! आज एका बोडीची कथा सांगतो. बोडी म्हणजे काय? आपल्या झाडीपट्टीत वाडवडिलांनी शेताच्या वरच्या अंगाला पाळ घालून पाणी अडवलं, ती घरची लहानशी तळी. आणि प्रश्न असा — जिथे नांगर चालत नाही, ती जमीन देवानं फुकट घालवली का?

हिरामण लांजेवार नावाचा शेतकरी होता. सज्जन माणूस, भजनाला पहिल्या रांगेत. त्याची बोडी दोन एकरांची. अर्धी बेशरम नावाच्या रानटी झुडपांनी भरलेली, अर्धी चिखल. एके दिवशी त्याच्या मनात आलं — दोन एकर काय मी बगळ्यांना आंदण दिली? फोडली पाळ! पाणी गेलं, धान लावलं. आणि धान आलं हो — कमरेइतकं! आता तुम्ही म्हणाल, बुवा, मग बिघडलं कुठं?

थांबा. भाद्रपद आला, ऋषिपंचमी आली. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही, हे आयाबहिणींना मी काय सांगू? मग ताटात काय? देवधान! पाण्यात आपसूक उगवणारा तांदूळ. सुकरीबाई वलथरे, गावची म्हातारी ढिवरीण, त्या बोडीत मासे धरायची आणि दरवर्षी पसाभर देवधान लांजेवारांकडे पोचवायची. त्या वर्षी तिनं रिकामे हात दाखवले. हिरामणची बायको मंजुळा नवऱ्याला एवढंच म्हणाली, "शेत धानानं भरलं तुमचं. अन् मी आज काय खाऊ?"

हिरामण हसला. होळीला मात्र पाळीखालची विहीर आटली. आजवर कधी आटली नव्हती! बोडीचं पाणीच झिरपून तिला मिळत होतं, हे कळलं कधी? बोडी गेल्यावर. दारात सात म्हशी. गाडीनं पाणी आणून आणून बैल थकले. तीन म्हशी विकल्या. उरलेल्या चारांचाही बाजार ठरला.

तेव्हा हा सुकरीबाईकडे गेला. म्हणाला, पाळ बांधतो, मशीन लावून बोडी चांगली खोल खोदतो. ती जाळं विणत होती. मानही वर केली नाही.

"हौद पायजे का बोडी, पाटील? मासोळी उथळ पान्यात अंडी घालते. काठ सरळ तासला, त मासोळीही गेली अन् देवधानही गेलं."

मग तिच्याच सांगण्यानं कामं झाली. पाळ बांधली, काठ उतरते ठेवले. तिनं चार बाया घेऊन बेशरम मुळासकट उपटली, देवधानाचं बी फेकलं. म्हशींना उतरायला एकच घाट. फवारणीचं पाणी आत येऊ नये म्हणून वरच्या बाजूला गवताचा पट्टा राखला. बाजार मोडला, म्हशी मंजुळाच्या माहेरी धाडल्या.

लगेच विहीर भरली? नाही हो. पहिल्या वर्षी गुडघाभर. दुसऱ्या वैशाखात मात्र मंजुळाची बादली अर्ध्या दोरावरच बुडाली. त्याच आठवड्यात म्हशी परत आल्या — गोठा ओलांडून थेट पाण्यात!

मंडळी, तुमच्याही शेतात असेल एखादी चिबड, पाणी साचून राहणारी जागा. बुजवायच्या आधी तिचं पाणी कुठं जातं, एवढं तरी विचारा. बोडीच्या सातबाऱ्यावर आजही लांजेवारांचंच नाव आहे; सुकरीबाई तर दोन वर्षांमागे गेली. तिचं नाव कुठल्याच कागदावर नाही. म्हणून विनवणी करतो — तुम्ही ते आठवणीत ठेवा. सुकरीबाई वलथरे.